वरातीच्या घोड्याचं म्हातारपण

घोड्यांच्या कत्तलीवर बंदी हवी की नको, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, कारण नागपुरात घोडे तपासणारे पशुवैद्य आता थोडेच उरलेत. माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. बंदी हवीच. पण कत्तलखान्याला कुलूप लागलं म्हणजे घोडा सुटला, असं कोणी समजू नये. अमेरिकेत काय झालं ते बघा.

तिथे संसदेने २००६ च्या आर्थिक वर्षापासून कत्तलीआधीच्या घोड्यांच्या सरकारी तपासणीचा पैसाच काढून घेतला; ती तपासणी नसेल तर मांस विकता येत नाही. घोडे कापणारे तीनच कारखाने उरले होते, दोन टेक्सासमध्ये आणि एक इलिनॉयमध्ये. राज्यांचे कायदे आणि कोर्टाचे निकाल यांनी २००७ मध्ये तेही बंद पडले. मग घोडे ट्रकमध्ये चढवले गेले. संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये हिशोब मांडला: २००६ ते २०१० या काळात कत्तलीसाठी कॅनडाला जाणारे घोडे १४८ टक्क्यांनी वाढले आणि मेक्सिकोला जाणारे ६६० टक्क्यांनी. २०१० मध्ये सुमारे १,३८,००० घोडे सीमेपार गेले. कारखाने बंद पडण्याआधी जेवढे कापले जायचे, जवळपास तेवढेच. कोलोरॅडो राज्यात घोड्यांच्या हेळसांडीच्या चौकश्या २००५ मध्ये ९७५ होत्या, २००९ मध्ये १,५८८ झाल्या. त्यात मंदीचाही वाटा होता, हे अहवालानेच मान्य केलंय.

ट्रकचा प्रवास घोड्याला काय करतो ते मी सांगू शकतो. घोडा उभ्यानेच प्रवास करतो, प्रत्येक वळणाला पाय रोवून. डोकं वर बांधलेलं असेल तर मान खाली घालून श्वासनलिका साफ करता येत नाही, सगळी घाण फुफ्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो. पाणी मिळालं नाही तर आतड्यात लीद सुकून बसते आणि पोटशूळ उठतो. पोटशुळाने लोळणारा घोडा ज्याने पाहिलाय तो ते विसरत नाही. अमेरिकेच्या नियमात कत्तलीला नेणाऱ्या घोड्याला २८ तासांपेक्षा जास्त वेळ दाणापाण्याशिवाय ठेवता येत नाही. मुळात २८ तास हेच फार झाले. आणि मेक्सिकोत शिरल्यावर तोही नियम संपतो.

आता आपल्याकडे या. खाण्यासाठी कापायच्या जनावरांत आपला कायदा घोड्याला धरत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण म्हातारा घोडा इथेही होतोच. टांगे गेले, उरली लग्नसराई आणि नागपूरच्या फुटाळा तलावावर पोरांना फिरवणं. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून ३.४ लाख निघाले. आधीच्या गणनेपेक्षा ते ४५.६ टक्क्यांनी कमी होते. वरातीचा घोडा लंगडायला लागला की खाली खाली विकला जातो, प्रत्येक मालक आधीच्यापेक्षा गरीब. शेवटचा मालक त्याला सोडून देतो. उन्हाळ्यात रिंग रोडच्या कडेला प्लास्टिक चघळत उभे असलेले, पाठीवर खोगिराचे जुने घट्टे असलेले घोडे तुम्हीही पाहिले असतील.

कामठीकडच्या एका म्हाताऱ्या घोडेवाल्याला मी म्हटलं, "काका, याला आता कामाला लावू नका." पुढच्या दोन्ही पायांचे खूर आतून सुजलेले, नाल ठोकायची सोय नव्हती. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मंग याले खाऊ काय घालू? हा कमावते तं आमी खातो, अन् आमी खातो तं हा खाते." या माणसाला क्रूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घोड्याच्या डोळ्यांवरच्या माशा हाकलत तो बोलत होता.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील असं सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! त्यात घोड्याचा एका वेळचा हरभराही येत नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये, बरं न होणाऱ्या जनावराला यातनेतून सोडवायची वाटही दिलेली आहे. पण ती वाट कागदावर सोपी दिसते. आधी गुंगी, मग शिरेतून औषध. घोडा गुडघ्यांवर येतो, आडवा होतो, संपतो. माझं काम तिथे संपतं आणि मालकाची पंचाईत सुरू होते. तीनशे-चारशे किलोचं धड. औषध मांसात उरतं, उघड्यावर टाकलं तर कुत्री, घारी, कोल्हे मरतात, म्हणून खोल पुरणं भाग. त्यासाठी जेसीबी, त्यासाठी जागा. भाड्याच्या तबेल्यात राहणारा माणूस जागा कुठून आणणार? उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते, जेसीबीवालाही दुप्पट पैसे मागतो. म्हणून बरेच जण मला वेळेवर बोलावतच नाहीत. रात्री दोर सोडून देणं फुकट पडतं.

मुंबईत २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बग्ग्या बंद करायला सांगितल्या. निर्णय योग्यच होता. पण असा निर्णय आला की पहिल्या दिवसापासून प्रत्येक घोड्यामागे एक प्रश्न लिहून ठेवायला हवा: याला पुढची दहा वर्षं कोण पोसणार? घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, काम त्याच्या निम्मीच वर्षं करतो.

मला नागपुरात तीन गोष्टी हव्यात. वरातीला जाणाऱ्या प्रत्येक घोड्याला मायक्रोचिप, म्हणजे सोडून दिलेला घोडा कोणाचा हे कळेल. वरातीच्या भाड्यातून थोडी रक्कम त्याच घोड्याच्या म्हातारपणासाठी बाजूला. बँडवाल्याला आणि आतषबाजीला जो पैसा जातो त्यापुढे ती काहीच नाही. आणि महापालिकेकडून शहराबाहेर मोठी जनावरं पुरायला एक जागा, जेसीबीसकट, गरीब मालकाला फुकट. यातली तिसरी आधी व्हावी, मे महिन्याच्या आत.