ब्लॅक नदीचे म्हातारे सायप्रस आणि त्यांचे गुडघे

चार वर्षांपूर्वी आई काही महिने आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात राहायला आली होती, तेव्हा तिला मी शेजारच्या साऊथ कॅरोलायनातील काँगरी राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेले. नदीच्या पुराचे पाणी जिथे दरवर्षी पसरते अशा जंगलातून तिथे फळ्यांची एक लांब पायवाट जमिनीपासून उचलून नेलेली आहे, त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही चिखलात पाय न घालता आतपर्यंत जाता येते. अर्ध्या वाटेवर आई थांबली आणि वाकून खाली पाहू लागली. एका प्रचंड सायप्रस झाडाभोवती तांबूस तपकिरी सालीचे, गुळगुळीत डोक्यांचे शेकडो खुंट चिखलातून वर आले होते. काही वीतभर, काही कमरेएवढे. “अरे, ही तर चिप्पीची मुळं,” ती म्हणाली. “इथे कुठे आलीय खाडी?”

आईचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी आहे. तिवर आणि चिप्पी या खारफुटीच्या झाडांच्या, चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांमधून वाट काढत तिचे बालपण गेले, त्यामुळे तिचा अंदाज स्वाभाविक होता, आणि मलाही तो तत्क्षणी पटला. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. कोकणात जे घडते तेच इथे गोड्या पाण्यात घडत असणार, असे मी तिला परतीच्या प्रवासात मोठ्या विश्वासाने सांगितले. नंतर त्याविषयी वाचू लागलो तेव्हा कळले की जे मी एका वाक्यात निकालात काढले होते, त्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ दोनशे वर्षे विचार करत आलेले आहेत.

आधी नावाचा घोळ दूर करायला हवा. सायप्रसला मराठीत सरू म्हणतात, आणि सरू म्हटले की कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर किनाऱ्यावरचे सुरूचे बन येते. ते सुरू म्हणजे कॅज्युरिना. त्याचे कूळ निराळे आणि त्याचा या झाडाशी काही संबंध नाही. मी ज्याविषयी लिहितो आहे तो बाल्ड सायप्रस, शास्त्रीय नाव टॅक्सोडियम डिस्टिकम. कॅलिफोर्नियातील रेडवुड आणि सिकोया हे त्याचे जवळचे नातेवाईक. तो सूचिपर्णी वर्गातला असूनही पानझडी आहे: शरद ऋतूत त्याची मऊ, पिसांसारखी पाने तांब्याच्या रंगाची होतात आणि गळून पडतात, म्हणून त्याला टक्कल पडलेला सायप्रस असे नाव मिळाले. डेलावेअरपासून टेक्सासपर्यंतच्या सखल पाणथळ प्रदेशात आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात वर इलिनॉयपर्यंत तो आढळतो. लुइझियानाने त्याला आपला राज्यवृक्ष मानले आहे.

हे झाड फार सावकाश वाढते, असे सर्वत्र म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. २०१२ साली मी घरामागे, जिथे पावसाचे पाणी दोन-तीन दिवस साचून राहते अशा कोपऱ्यात, याचे एक रोप लावले. तेव्हा ते माझ्या मांडीपर्यंतही पोचत नव्हते. आज ते घराच्या छपरापेक्षा उंच आहे. चांगली माती, ऊन आणि पुरेशी ओल मिळाली तर कोवळा सायप्रस इतर झाडांच्या तोडीस तोड वाढतो. म्हणजे सावकाशी ही त्याच्या रक्तातच आहे असे नाही. दलदल त्याला सावकाश वाढायला लावते, आणि तिथे इतक्या कमी अन्नावर, इतक्या कमी हवेवर जगण्याची तयारी त्याच्याखेरीज फार थोड्या झाडांची असते. फ्लोरिडाच्या दक्षिणेला चुनखडकावरच्या पातळ मातीत याच कुळातले असे खुजे सायप्रस आहेत की शंभरहून अधिक वर्षे जगूनही ते माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीपलीकडे गेलेले नाहीत.

या सावकाशीची परमावधी पाहायची तर आमच्या घरापासून दोनेक तासांवर असलेल्या ब्लॅक नदीवर जायला हवे. केप फिअर नदीला मिळणारी ही नदी नावाप्रमाणेच काळी दिसते, पण ओंजळीत घेतले तर पाणी कोऱ्या चहासारखे असते. कुजणाऱ्या पानांतले टॅनिन त्यात उतरलेले असते. पाणी आम्लधर्मी असते आणि त्यात पोषणद्रव्ये फार कमी असतात. या नदीच्या थ्री सिस्टर्स नावाच्या दलदलीत आर्कान्सॉ विद्यापीठाचे डेव्हिड स्टाहल हे १९८०च्या दशकापासून झाडांची वार्षिक वलये मोजत आले आहेत. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. बारीक गिरमिटाने खोडातून पेन्सिलीपेक्षाही सडपातळ अशी लाकडाची कांडी काढतात आणि तिच्यावरील वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. २०१९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की येथील एक जिवंत सायप्रस किमान २,६२४ वर्षांचा आहे. पाणथळीत वाढणाऱ्या झाडांमध्ये याहून जुने झाड जगात ज्ञात नाही.

या आकड्याचा अर्थ मला एका साध्या हिशेबाने कळला. या झाडाचे वलय दरवर्षी एक मिलिमीटर जाडीचे भरले असते, तर आज त्याच्या खोडाचा व्यास सव्वापाच मीटर झाला असता. मी छोट्या होडीतून त्या दलदलीत अर्धा दिवस हिंडलो, पण त्या मापाच्या जवळपास जाणारे एकही झाड मला दिसले नाही. म्हणजे शतकानुशतके ती झाडे वर्षाला एका मिलिमीटरचा काही अंशच जाड होत आली आहेत. त्यांचे शेंडे वादळांनी मोडलेले असतात, माथा सपाट झालेला असतो, खोड पिळवटलेले आणि बहुधा पोकळ असते, आणि बुंधा पाण्यालगत रांजणासारखा फुगलेला असतो. काँगरीतील उंच, सरळ सायप्रसांपुढे ती कोणालाही सामान्य वाटतील.

या दिसण्यानेच ती वाचली, असे मला वाटते. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, १८७६ सालच्या कायद्याने दक्षिणेतील सरकारी जमिनी लाकूड व्यापाऱ्यांना मोकळ्या झाल्या आणि पुढच्या पन्नास वर्षांत सायप्रसची जुनी जंगले जवळजवळ संपली. ओले सायप्रस पाण्यात बुडते, म्हणून आधी खोडाला गोल काप देऊन झाड उभ्यानेच वाळवत आणि नंतर पाडून तरंगत नेत. लुइझियानात वाफेच्या यंत्रांच्या होड्या कालव्यात नांगरून चारही दिशांनी ओंडके ओढले जात. त्या ओढीचे चर एका बिंदूतून निघालेल्या चाकाच्या आऱ्यांसारखे आजही विमानातून दिसतात. हे लाकूड सहसा कुजत नाही, त्यामुळे ‘चिरंतन लाकूड’ अशी त्याची जाहिरात केली जाई. त्याला टिकाऊपण येते ते जुन्या झाडाच्या गाभ्यात. म्हणजे ज्या सावकाशीने ते लाकूड घडले, तिच्यासाठीच झाडे तोडली गेली. ब्लॅक नदीची वाकडी, पोकळ खोडे मात्र करवतीखाली नेण्याच्या लायकीची कोणाला वाटली नाहीत.

त्या वलयांत जे लिहिलेले आहे ते मला कोणत्याही बखरीइतके मोलाचे वाटते. पाऊस चांगला झाला की वलय रुंद, दुष्काळ पडला की अरुंद. पाण्यात उभ्या असलेल्या झाडाला दुष्काळ कसा जाणवतो, हा प्रश्न मलाही पडला होता. पण त्याच्या मुळांचे जाळे बरेचसे वरच्या थरातच पसरलेले असते आणि पाणी ओसरले की तो थर आधी सुकतो. १९८८ साली स्टाहल यांनी नॉर्थ कॅरोलायनातील सायप्रसांवरून इ.स. ३७२ ते १९८५ या काळाचा पाऊसमानाचा आलेख मांडला. त्यानंतर दहा वर्षांनी व्हर्जिनियातील सायप्रसांच्या वलयांनी एका जुन्या गूढावर प्रकाश टाकला. १५८७ साली शंभराहून अधिक इंग्रज स्त्री-पुरुष आणि मुले आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या रोआनोक बेटावर वसाहत करायला उतरली. त्यांचे गव्हर्नर जॉन व्हाइट मदत आणण्यासाठी इंग्लंडला गेले, ते १५९० मध्ये परत आले तेव्हा वसाहत ओस पडलेली होती आणि एका खांबावर ‘क्रोएटोआन’ (जवळच्या एका बेटाचे नाव) हा एकच शब्द कोरलेला होता. ती माणसे कोठे गेली हे वलये सांगत नाहीत. पण १५८७ ते १५८९ ही तीन वर्षे त्या प्रदेशातील आठशे वर्षांतली सर्वांत कोरडी होती, एवढे ती स्पष्ट सांगतात. व्हर्जिनियातील जेम्सटाउनची इंग्रज वसाहत १६०७ साली झाली, तीही १६०६ ते १६१२ या सात वर्षांच्या भीषण अवर्षणाच्या काळात. उपासमारीत मेलेल्या त्या वसाहतकऱ्यांना नियोजनशून्य ठरवून इतिहास मोकळा झाला होता. झाडांनी त्यांची बाजू मांडली.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. या खुंटांना इंग्रजीत सायप्रसचे गुडघेच म्हणतात, आणि मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे वर यावेत तसे ते खरोखर दिसतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांस्वा आंद्रे मिशो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे वर्णन केले. झाड वीस-पंचवीस फूट उंच झाले की हे दिसू लागतात, गुलाम म्हणून राबवले जाणारे कृष्णवर्णीय लोक त्यांच्या पोकळ खुंटांचा मधमाश्या पाळायला उपयोग करतात, असे नोंदवून, त्यांच्या अस्तित्वाचे कोणतेही कारण सांगता येत नाही, असे मिशो यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

पुढच्या लोकांना एवढा धीर नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्वसनाचा सिद्धांत पुढे आला, तोच जो मी आईला सांगितला होता. पण चिप्पीचे श्वासमूळ आणि सायप्रसचा गुडघा यांची घडण वेगळी आहे. चिप्पीत मुळाची फांदीच मातीतून वर वाढते, आणि तिच्या आत हवा खेळेल अशी स्पंजासारखी पेशीरचना असते, सालीवर छिद्रे असतात. सायप्रसचा गुडघा ही स्वतंत्र फांदी नव्हे. आडव्या मुळाच्या वरच्या अंगाला सालीखालचा वाढीचा थर एकाच ठिकाणी भराभर लाकूड घालू लागतो आणि तिथे उंचवटा येतो. आत तशी स्पंजासारखी रचना नसते. १९५२ साली गुडघ्यांच्या वायुविनिमयाची मोजणी झाली, तेव्हा ते घेत असलेला प्राणवायू प्रामुख्याने स्वतःच्याच वाढीसाठी वापरतात असे दिसले. शिवाय गुडघे छाटले तरी झाड मरत नाही.

मग आधाराचा सिद्धांत. १८९० साली रॉबर्ट लॅम्बॉर्न यांनी सुचवले की मऊ चिखलात झाड उभे धरण्यासाठी हे गुडघे मुळांना बळकटी देतात. सायप्रस वादळात क्वचितच उन्मळतो हे खरेच आहे. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळाने काँगरीत असंख्य झाडे आडवी केली, पण सायप्रसांनी ते बऱ्यापैकी निभावून नेले. मात्र जिथे पाणी कायम खोल असते तिथे गुडघे येतच नाहीत, आणि ते सायप्रसही उभे राहतात. गुडघ्यांत पिष्टमय पदार्थ साठलेले आढळतात, म्हणून ती कोठारे असावीत असेही कोणी म्हटले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्यांना मिळणारी हवा आणि मुळांतील प्राणवायू यांचा संबंध दिसून आला, आणि टाकून दिलेला श्वसनाचा सिद्धांत पुन्हा उभा राहिला. आईचे म्हणणे खोटे होते असे आज मी म्हणणार नाही. माझी त्या दिवशीची खात्री मात्र अवाजवी होती.

पाणी वर्षातून काही काळ चढते आणि उतरते तिथेच गुडघे भरपूर येतात, आणि त्यांची उंची बहुधा पुराच्या पातळीशी मिळतीजुळती असते. बी रुजण्याची अटही पाण्याशीच बांधलेली आहे. सायप्रसचे बी पाण्याबरोबर दूर जाते, पण पाण्याखाली रुजत नाही. त्याला ओली, उघडी माती लागते, आणि रुजल्यावर पुढचा पूर येण्याआधी रोपाचा शेंडा पाण्यावर राहील इतके उंच व्हावे लागते. दलदलीत अशी वर्षे कधीतरीच येतात. म्हणून तोडलेले जंगल आपोआप परत येईल हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. लुइझियानात तर दक्षिण अमेरिकेतून आणलेले न्यूट्रिया हे मोठे उंदीरवर्गीय प्राणी कोवळी रोपे खाऊन टाकतात आणि कालव्यांतून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याने मोठी झाडेही वाळतात. थ्री सिस्टर्सची दलदल समुद्राहून जेमतेम दोन मीटर उंच आहे, ही गोष्ट मला होडीतून उतरल्यावरही सोडत नव्हती.

बागेच्या दुकानात मिळणारा सायप्रसचा भुसा मी झाडांच्या बुंध्यांशी पसरायला दरवर्षी आणत असे. तो कोवळ्या सायप्रसांचाही असतो हे कळल्यावर मी आता गळलेली पानेच वापरतो.

गेल्या वसंतात घरामागचे गवत कापताना, सायप्रसपासून साधारण दीड मीटरवर, यंत्राचे पाते कशाला तरी घासले. गवत बाजूला केले तर मुठीएवढा तांबूस उंचवटा होता, एका बाजूची साल खरचटलेली. त्याच्याभोवती मी चार खुंट्या ठोकल्या, पट्टीने उंची मोजली आणि रात्री आईला फोन केला. चार सेंटिमीटर, मी सांगितले. तिने जखमेवर काही लावलेस का, ते आधी विचारले, आणि मग म्हणाली, “पावसाळ्यानंतर पुन्हा मोज. आणि या वेळी आधीच कारण सांगू नकोस.”