गाडी बँकेची आहे असं लिहून द्या

बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलं की काय काय ऐकायला मिळतं, पण दोनेक वर्षांपूर्वी आलेल्या एका मावशींसारखी मागणी कुणीच केली नव्हती. वडापावची गाडी लावायच्या, २०२० ला फेरीवाल्यांसाठी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून आमच्याच ब्रांचचं १० हजारांचं लोन, हप्ता कधी चुकवला नाही. त्या दिवशी आल्या त्याच घामाघूम, महापालिकेच्या अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलली म्हणे, "मॅडम, गाडी बँकेची आहे असं लिहून द्या, मग सोडतील."

लोन विनातारण, गाडी बँकेची कशी होणार! तरी म्हटलं खातं बघू, स्टेटमेंट काढलं आणि बघतच बसले. क्यूआरवर आलेले सगळे आकडे १५ च्या पाढ्यातले, १५, ३०, ४५, मधेच एकदम १८०. मावशी बोट ठेवून सांगायला लागल्या, हा समोरच्या टॉवरमधला, दुपारी सगळ्या टीमचं घेऊन जातो, ही नर्स, नाइट सुटली की येते, रात्रीचे हे सगळे डिलिव्हरीवाले. म्हणजे जी पोरं दारोदार लोकांची जेवणं पोचवतात ती स्वतः जेवतात मावशींच्या गाडीवर.

आणि कहर म्हणजे फाइलीत त्याच महापालिकेचं शिफारसपत्र, की ह्या अमुक रस्त्यावर विक्री करतात. एक खातं पत्र देतं, दुसरं गाडी उचलतं! २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की विक्रेत्यांचा सर्वे होऊन सगळ्यांना विक्रीचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत कुणाला हलवायचं नाही, आणि माल जप्त केलाच तर यादी द्यायची, मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामाच्या २ दिवसांत परत. यादी दिली का विचारलं तर म्हणाल्या, "कसली यादी, भाजीचं पातेलं गरम होतं तसंच टेम्पोत टाकलं."

मग शिफारसपत्राची झेरॉक्स, खात्याचा उतारा शिक्का मारून, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात त्या कायद्यातलं जप्तीचं 'कलम १९' लिहून दिलं. मॅनेजर म्हणाले हे आपलं काम आहे का. आहे की, गाडीच नसेल तर हप्ता कुठून येणार?

गाडी सुटली पण दंड भरून, आणि शेगडी-सिलिंडर गायबच. राहिलेले हप्ते फेडून मावशी दुसऱ्या लोनला आल्या (तेव्हा २० हजार मिळायचे, २०२५ मधे २५ केलेत), फॉर्ममधे विक्रीची जागा लिहायची तर म्हणतात तिथं आता नो हॉकर्स झोनचा बोर्ड लागलाय, काय लिहू? शिफारसपत्रातलाच पत्ता लिहा म्हटलं, बोर्ड लावणाऱ्यांनीच दिलाय तो.