आमची वाटचाल: सदाफुलीचं पाणी

इंदूरला लोकमान्य नगरातल्या गच्चीवर मी आणि यांनी रोपांच्या ४० पिशव्या भरल्या, ती आमची सुरुवात. पुढे राऊच्या बाजूला भाड्याची जागा घेतली आणि बंगल्यांच्या बागांची कामं येऊ लागली. धंदा खऱ्या अर्थाने शिकवला तो मात्र सदाफुलीने.

एका बंगल्यात फाटकापासून ओसरीपर्यंत २०० रोपं लावली होती. मे महिना होता. सोबतच्या कागदावर आम्हीच लिहून दिलं होतं, 'सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे.' तिसऱ्या आठवड्यात फोन आला, रोपं माना टाकतायत. तिथला माळी म्हणाला, "दीदी, मुरझा रही थीं, तो पानी और बढ़ा दिया." मी एक रोप उपटलं. बुंधा काळा पडला होता. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल बोटांत निघून आली, आतली तार तेवढी उरली.

माळव्याची काळी माती पाणी धरून बसते. तिच्यातली हवा गेली की मुळं गुदमरतात, बुरशी लागते, आणि मग माती ओली असूनही त्यांना पाणी ओढता येत नाही. रोप वरून तहानलेलंच दिसतं. सगळी रोपं आम्ही पदरमोड करून बदलून दिली. नर्मदेचं पाणी जलूदहून डोंगर चढवून शहरात येतं, आणि तेच ओतून आम्ही रोपं मारली होती. ही बोच गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चार वाफे केले, प्रत्येकी १ चौरस मीटर. १० लीटर ओतलं की बरोबर १० मिलिमीटर पाणी, हिशेब सोपा. रोपं एकाच पेरणीची. महिनाभर सगळ्यांना सारखं पाणी देऊन मुळं धरू दिली, मग पाळ्या बदलल्या: रोज, दिवसाआड, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी. रोजच्या वाफ्यात पाला माजला, फुलं कमी, खालची पानं पिवळी. पाऊस लागताच बुंधे काळे पडू लागले. दिवसाआडची फुलली छान, पण लोळली. चौथ्या दिवसाची ठेंगणी, भरगच्च, फुलांनी झाकलेली! आठव्या दिवसाची पानं दुपारी आत वळायची, फुलं बारीक आणि मोजकी, तरी एकही रोप मेलं नाही. मूळची मादागास्करची ही, उन्हाला काटक. पण नुसती तगलेली बाग गिऱ्हाइकाला द्यायला माझं मन होत नाही.

आता कागदावर लिहितो: जमिनीतल्या सदाफुलीला पाणी देण्याआधी दोन पेरं बोट मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या. दुपारी मान टाकली तर घाबरू नका, पहाटे बघा. ताठ असेल तर ते ऊन होतं. पहाटेही मलूल आणि माती ओली, तर पाणी बंद करा. कुंडीचं गणित वेगळं. मे महिन्यात लहान कुंडी दिवसभरात सुकते, तिला रोज पाणी लागतंच.

त्या बंगल्यातली बदललेली रोपं दुसऱ्या वर्षात पोचली, खोडं लाकडासारखी झाली. मृगाच्या आधी आम्ही ती अर्ध्यावर छाटून आलो. कात्री माळ्यानेच धरली होती.