लाईट लावू का रे?

काल रात्री साडेदहाला परसात कॅमेऱ्यापाशी शाल गुंडाळून बसलेलो, तर कुंपणापलीकडून शेजारच्या काकू, "एवढ्या अंधारात काय शोधतोयस रे? थांब, लाईट लावते." मी "नको नको" म्हणेपर्यंत लागला पण. पांढराफेक एलईडी, थेट लेन्समध्ये.

दर वेळी ४ मिनिटं शटर उघडं ठेवून आकाशाच्या ४० फ्रेम घ्यायच्या होत्या, त्यातली सतरावी गेली.

अश्वशीर्ष तेजोमेघाच्या मागे लागलोय, मृगाच्या पट्ट्यातल्या टोकाच्या ताऱ्याजवळ असतो तो. मागे हायड्रोजनचा लाल उजेड आणि पुढे धुळीचा काळा ढग, घोड्याच्या मानेसारखा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीच, १८८८ साली खगोलशास्त्रज्ञ विल्यमिना फ्लेमिंगलाही फोटोच्या काचेवरच सापडला.

राग तरी कसा धरायचा, त्यांनी मदतच केली होती ना! अंधारात बसलेल्याला अंधारच हवा असेल हे कुणाला सुचतच नाही आपल्याकडे.

लाईट बंद करून काकू ओशाळून बघायला आल्या. स्क्रीनवरची एक फ्रेम बराच वेळ न्याहाळली, मग हळूच, "यात तर काहीच नाही रे." खरंय, एका फ्रेममध्ये नुसता राखाडी गाळ असतो. म्हटलं सगळ्या एकावर एक रचल्या की दिसेल.

आज दुपारी स्टॅक केल्या, ३९च. मान दिसतेय, धुरकट, पण आहे! काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवला. रिप्लाय आला, "छान. पण त्यापेक्षा चंद्र काढ की."

आता यांना कसं सांगू की चंद्र असला की मला सुट्टी असते?