शैक्षणिक कर्ज थकलं आणि बँकेची नोटीस आली, तर

हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं. घर तारण असेल (ठाण्यात बहुधा आईवडिलांचाच फ्लॅट!) तर सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) कलम 13(2) ची नोटीस येते. थकबाकी भरायची मुदत 60 दिवस. पुष्कळ जण ती कपाटात ठेवून देतात, तिथेच घोटाळा होतो. याच काळात लेखी हरकत द्या, पोच घ्या. खात्याचा उतारा मागवून दंड तपासा. 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांनुसार दंडाच्या रकमेवर व्याज चढवता येत नाही. हरकत अमान्य असेल तर बँकेने 15 दिवसांत कारणं कळवायला हवीत. तरीही ताब्याची कारवाई झालीच, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. नवी मुंबईत ते वाशीला आहे.

तारणच नसेल तर सरफेसी लागू नाही. मग धमकीच्या फोनवर फ्लॅट जाणार म्हणून घाबरू नका, पण सहकर्जदार म्हणून सही केलेले वडील जबाबदार राहतातच.

वसुली एजंटने सकाळी 8 च्या आधी, संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, सोसायटीत बदनामी तर नाहीच. कॉल रेकॉर्ड जपा. आधी बँकेकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तेही फुकट.