स्टेशन त्यांना, टाउन हॉल यांना

ऑस्ट्राव्हाहून गाडी चेस्की त्येशिनला पोचली. हॉटेल मात्र चेशिनला, म्हणजे उतरायचं चेकमध्ये आणि झोपायचं पोलंडमध्ये. नकाशात अंतर किलोमीटरभर दिसलं, म्हणून टॅक्सी केली नाही. पूल ओलांडला की ग्वेंबोका रस्ता जो चढतो तो थेट चौकापर्यंत, आणि खाली दगडी फरसबंदी. निम्म्या चढावर बॅगेचं एक चाक निखळलं. तुम्ही पाठीवरची सॅकच न्या.

एकेकाळी हे ऑस्ट्रियन साम्राज्यातलं एकच गाव होतं. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दोघांनीही त्यावर हक्क सांगितला. जवळपास कोळशाच्या खाणी, शिवाय स्लोव्हाकियाकडे जाणारा रेल्वेमार्ग इथूनच. जानेवारी १९१९ मध्ये आठवडाभर लढाईही झाली. शेवटी २८ जुलै १९२० रोजी बड्या राष्ट्रांनी ओल्झा नदीवरूनच सीमा नेली. किल्ल्याची टेकडी, बाजारचौक, टाउन हॉल पोलंडला. पलीकडचं स्टेशन चेकोस्लोव्हाकियाला. स्टेशन ते चौक अशी १९११ पासून ट्राम धावायची, तीही १९२१ मध्ये बंद पडली.

आता स्टेशनाभोवतीच्या वस्तीला गावपण द्यायचं तर टाउन हॉल हवाच! तो चेकांनी विसाच्या दशकाच्या अखेरीस नवा बांधला, मनोरा-बिनोरा सगळं साग्रसंगीत. म्हणून माझं ऐका, आधी चेक बाजूचा बघा आणि मग पूल ओलांडून जुन्याकडे या. मला उलटं पाहिल्यामुळे नवा उगाच थोराड वाटला.

जुन्या टाउन हॉलसमोर कारंज्यावर संत फ्लोरियन उभा आहे, आगीपासून राखणारा. पुतळा १७७७ चा. बारा वर्षांत, १७८९ मध्ये, अख्खं गाव जळालं. १८३६ मध्ये टाउन हॉल पुन्हा पेटला. तरी फ्लोरियनबुवांची नोकरी शाबूत! त्याच्या पायाशी बसून डबा खाल्ला.

पोलंडने १९३८ मध्ये पलीकडचा भागही घेतला, पुढच्या वर्षी दोन्हीकडे जर्मन आले, आणि युद्धानंतर सीमा परत नदीवर. २१ डिसेंबर २००७ पासून पुलावरची तपासणी गेली. आपल्याला एक शेंगेन व्हिसा पुरतो, पण पासपोर्ट खिशात असू द्या.

युरो दोन्हीकडचं चलन नाही. इकडे झ्लॉटी, तिकडे कोरुना. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी थोडी चिल्लर लागते. वीस झ्लॉटींची नोट मोडू नका: तिच्यावर छापलेलं अकराव्या शतकातलं गोल चर्च किल्ल्याच्या टेकडीवर आहे, नोट समोर धरून ताडून बघा. शाकाहाऱ्यांनी बटाटा-पनीरसारख्या सारणाचे ‘प्येरोगी रुस्क्ये’ मागावेत. इथलं खास सँडविच हेरिंग माशाचं असतं.

परतीचं तिकीट काढताना स्टेशनचं नाव दोनदा वाचा. पोलंडच्या बाजूलाही एक स्टेशन आहे, आणि प्रागकडच्या गाड्या पलीकडून सुटतात.