घर सांभाळून नर्सिंग कसं केलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. चाळीत, लोकलच्या लेडीज डब्यात, आता तर वॉर्डात पेशंटसोबत आलेल्या बायकाही हाच प्रश्न विचारतात. "सिस्टर, तुम्ही लग्नानंतर शिकलात ना? दोन मुलं, सासूबाई, घर, एवढं सगळं सांभाळून तीन वर्षं कशी काढलीत?"

खरं उत्तर असं, की त्या तीन वर्षांत घर मी सांभाळलंच नाही. माझे मिस्टर, सासूबाई आणि पुढे पुढे माझा मुलगा यांनी ते सांभाळलं. "तुमची हिंमत मोठी" असं कुणी म्हणालं की मला अवघडल्यासारखं होतं. कारण ते ऐकून घरी गेलेली बाई स्वतःच्या हिमतीचा हिशेब मांडत बसते, आणि ज्यांच्याशी बोलायला हवं त्यांच्याशी बोलतच नाही.

मी बारावी कॉमर्स, मराठी माध्यमातली. सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं मी केलं आणि ते करताना हे काम मला येतं, आवडतं, असं पक्कं वाटायला लागलं. सायन्स नसल्यामुळे बी.एस्सी. नर्सिंगचा प्रश्नच नव्हता, तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. पण जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला, बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषयासह चाळीस टक्के हवेत. वयाची अट १७ ते ३५. मी तेहतीस वर्षांची होते, म्हणजे अजून विचार करत बसायला वेळच नव्हता. ज्यांचा एएनएम हा साहाय्यक परिचारिकेचा कोर्स आधीच झालेला असेल त्यांना जीएनएमला वयाची वरची अट नव्हती, हेही सांगून ठेवते. नियम बदलत असतात, आता प्रवेशाला सीईटीही आली आहे. म्हणून फॉर्म भरायच्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा.

फॉर्म भरण्याआधी आम्ही एका रविवारी जेवणं झाल्यावर बसलो. बोलणं स्वप्नांचं वगैरे नव्हतं, पाण्याचं होतं. भांडुपला आमच्या चाळीत पहाटे नळाला पाणी येतं आणि तासाभरात जातं. मॉर्निंग ड्युटीला सात वाजता वॉर्डात हजर राहायचं तर ते पाणी कोण भरणार? सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून पाणी मिस्टरांकडे गेलं. ते बेस्टमध्ये कंडक्टर आहेत. त्यांनी सहकाऱ्याशी बोलून दुपारची पाळी घेतली. धाकटीला शाळेत सोडणं त्यांच्याकडे, आणणं सासूबाईंकडे. संध्याकाळचा कुकर थोरल्याकडे, तो तेव्हा आठवीत होता. यावरून नातेवाइकांत बरंच बोललं गेलं. मुलाला गॅसपाशी उभं केलं म्हणून मला नावं ठेवली. मला ते लागलं, पण कुकर त्याच्याकडेच राहिला. आज तो डाळ-भात, पोळ्या, अंडाकरी सगळं करतो, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

सासूबाईंचा विरोध नाईट ड्युटीला होता. सुनेने रात्रभर बाहेर राहायचं हे त्यांना पटत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मी वाद घातला नाही. सासरे दवाखान्यात होते तेव्हा रात्री दोन वाजता सलाईन बदलायला कोण यायचं, एवढंच मिस्टरांनी त्यांना विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण नंतर नाईटच्या आठवड्यात दुपारी माझ्या झोपेच्या वेळी दाराशी बसून त्या शेजारच्या पोरांना गप्प करायच्या.

त्या रविवारच्या यादीतला सगळ्यात कठीण प्रश्न शेवटी आला. मूल तापाने फणफणलं तर घरी कोण थांबणार? हा प्रश्न का महत्त्वाचा, ते सांगते. नर्सिंगमध्ये हजेरीचा नियम कडक असतो. परीक्षेला बसायला ठरावीक हजेरी लागते, आणि डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात. चुकलेली प्रत्येक ड्युटी पुढे कधीतरी भरून द्यावी लागते. आईच्या नात्याने सहज घेतलेल्या रजा वर्षाअखेरीस डोंगर होऊन उभ्या राहतात. धाकटीला कांजिण्या आल्या तेव्हा माझी पोस्टिंग नेमकी लहान मुलांच्या वॉर्डात होती. रजा मिस्टरांनी टाकली. माझ्या लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या, म्हणून ट्यूटरना सगळं सांगून मी ड्युटीवर गेले. परक्याच्या मुलाचं अंग कोमट पाण्याने पुसताना डोळे भरून यायचे. तो त्रास कुठल्याही नियोजनाने टळत नाही, आणि टळेल असं मी कुणाला सांगणार नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिलं वर्ष जड गेलं. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, सायकॉलॉजी, नर्सिंगची फंडामेंटल्स, सगळं इंग्रजीत. वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या, कुणी साताऱ्याकडची, कुणी कोकणातली, कुणी विदर्भातली. त्या मला ताई म्हणायच्या. त्यांनी मला इंग्रजी उत्तरं बांधायला शिकवली. मी त्यांना पेशंटच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं ते दाखवायची. चिडलेल्या मुलाला आधी खुर्ची द्यायची, नाव विचारायचं, मग वडिलांची तब्येत सांगायची, हे पुस्तकात शोधून सापडत नाही. ट्यूटर वयाने माझ्याहून लहान होत्या. त्या वर्गात आल्या की उभं राहायचं, त्या रागावल्या की ऐकून घ्यायचं. ज्यांना हे जड जाईल त्यांनी आधीच मनाची तयारी करावी.

औषधांच्या आकडेमोडीची मला धास्ती होती. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट मिलीला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस, म्हणजे साधारण बेचाळीस. अशी गणितं थोरला मला घालायचा आणि घड्याळ लावून बसायचा. त्याच्या गृहपाठाशेजारी माझं जर्नल असायचं. वॉर्डात पहिल्यांदा ड्रिप चेंबरकडे बघत, मनगटावरच्या घड्याळाच्या काट्यावर थेंब मोजले तेव्हा हात अजिबात थरथरला नाही.

आता वयाचा फायदा. तो होतो, पण लोक समजतात तसा सरसकट नाही. बेडपॅन देणं, उलटी साफ करणं, अंग पुसणं याची किळस आईपणाने कधीच गेलेली असते. पण तेच आईपण आवरावंही लागतं. ऑपरेशनला न्यायच्या पेशंटला एनबीएम असतं, तोंडाने काहीही द्यायचं नाही. म्हातारा माणूस घोटभर पाणी मागतो तेव्हा घरातली बाई पटकन पेला पुढे करेल. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, हे ज्याला कळतं तो ओठ ओले करतो आणि पाणी देत नाही. घरी मायेने केलेलं आणि इथे कारण जाणून करायचं, यात मला तिन्ही वर्षं रोज काहीतरी नवं कळत होतं. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, माकडहाड, टाचा, खुबा तपासायचा, चादरीला सुरकुती ठेवायची नाही. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरायला लागते.

परळच्या केईएम रुग्णालयात हेच काम परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या करून दाखवलं. त्यांचीच सहकारी परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मध्ये तिच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होती. मृत्यूच्या काही वर्षं आधी तिचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा तोवरच्या इतक्या वर्षांत तिला एकदाही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाली नाही, असं रुग्णालयाच्या वतीने सांगितलं गेलं. तिची काळजी घेणाऱ्या कित्येक जणींनी तिला धडधाकट पाहिलेलंही नव्हतं. नर्सिंग म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचं काम, असं कुणी म्हणालं की मी हे सांगते. आणि त्यातल्या बहुतेकींच्या घरीही कुणीतरी पहाटेचं पाणी भरत असणार, हेही माझ्या मनात येतं.

नाईटबद्दल थोडक्यात. रात्र जाते, सकाळ कठीण असते. उजाडल्यावर दादरहून उलट्या दिशेची गाडी मोकळी मिळते, तिथे झोप लागून पुढे ठाण्याला जाऊ नका, मोबाइलवर गजर लावा. पावसाळ्यात मध्य रेल्वे बंद पडली तर वॉर्ड बंद पडत नाही, आधीच्या पाळीची सिस्टर तुम्ही येईपर्यंत थांबलेली असते. परळ-दादरच्या बाजूला एखादं नातेवाइकाचं किंवा मैत्रिणीचं घर हक्काचं करून ठेवा.

ज्यांनी मनाशी ठरवलंच आहे त्यांनी हे आधी करा. पहिलं म्हणजे नर्सिंगच्या शाळेत जाऊन विचारा, हॉस्टेलला राहणं सक्तीचं आहे का. माझ्या शाळेत लग्न झालेल्यांना घरून यायची परवानगी होती, सगळीकडे ती असतेच असं नाही. दुसरं, ती संस्था महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेची आहे का ते यादीत स्वतः बघा. गल्लोगल्ली सहा महिन्यांचे आणि वर्षाचे नर्सिंगच्या नावाचे कोर्स निघाले आहेत. त्यांवर कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नसेल तर नर्स म्हणून लागता येत नाही. दागिने मोडून अशी फी भरलेल्या बायका मला भेटल्या आहेत, फार वाईट वाटतं. तिसरं, कागदपत्रं. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, यात निम्म्या जणी अडकतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून घ्या, नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत काढा. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. हे सगळं जूनच्या आत हातात असू द्या, प्रवेश सुरू झाल्यावर सेतू केंद्रात रांगा लागतात आणि तारीख निघून जाते.